६ कोटी टकरी आणि माझा दीड टीईव्हीचा कण

शनिवारी रात्री पावणेबाराच्या सुमारास मला एक नवीन जड कण सापडला आणि रविवारी दुपारपर्यंत तो गेलासुद्धा. मधल्या वेळात मी झोपले नाही हे वेगळं सांगायला नको. हे सगळं कसं झालं, त्याच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचा एक महिना काय काय केलं ते जरा निवांत लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा असं कोणीतरी लिहिलेलं मला हवं होतं. हिग्ज बोसॉन म्हणजे काय हे समजावणारं ढीगभर सापडतं, पण प्रत्यक्ष डेटा उघडून बसलं की पाय कुठे घसरतो ते कोणी सांगत नाही.

तर मी व्यवसायाने प्रोग्रॅमर. एमएस्सी फिजिक्समध्ये केलेलं, पण पोटापाण्यासाठी कोड लिहायला लागले ती लागलेच आणि तो किडा डोक्यात तसाच वळवळत राहिला. एक मित्र आहे, त्याने बरीच वर्षं कोलायडरच्या, म्हणजे कण एकमेकांवर आपटवणाऱ्या यंत्राच्या, डेटावरच काम केलंय, त्याच्याशी बोलताना एकदा कळलं की सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाचा डेटा चक्क सगळ्यांसाठी खुला आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पहिला हप्ता टाकला, तो २०१० सालचा, आणि पुढच्या वर्षांचा मग टप्प्याटप्प्याने येत गेला. परवानगी नको, ओळखपाळख नको, डाउनलोड करा आणि बसा. मला वाटलं शोभेचा काहीतरी नमुना देत असतील, शाळेतल्या प्रयोगवहीसारखा, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. पण नाही, खराखुरा डेटा आहे, ज्याच्यावर त्यांनी स्वतः पेपर लिहिले तोच.

मी घेतला २०१२ चा. त्या वर्षी सर्नच्या एलएचसी या कोलायडरमध्ये ४ टीईव्हीचे (टीईव्ही हे ऊर्जेचं माप, म्हणजे १००० जीईव्ही; कणांचं वस्तुमानही याच मापात सांगतात) प्रोटॉन एका बाजूने आणि ४ टीईव्हीचे दुसऱ्या बाजूने येऊन आपटत होते, म्हणजे टक्कर एकूण ८ टीईव्हीची. २७ किलोमीटरचं ते कडं जमिनीखाली शंभरेक मीटरवर आहे हे बहुतेकांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते असं की तेव्हा दर ५० नॅनोसेकंदाला प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जायचे, म्हणजे सेकंदाला दीड-दोन कोटी वेळा, आणि त्यातलं साठवलं जायचं सेकंदाला फक्त काहीशे. बाकी सगळं जागच्या जागी फेकून द्यायचं. काय ठेवायचं नि काय फेकायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेला ट्रिगर म्हणतात. म्हणजे मी फाइल उघडायच्या आधीच डेटा जबरदस्त चाळला गेलेला होता, आणि कोणत्या चाळणीने चाळलाय ते विसरलं की काय होतं ते पुढे येईलच.

फाइलमध्ये ६ कोटींच्या वर इव्हेंट (म्हणजे साठवलेल्या टकरी) आणि साइज फक्त २ जीबीच्या आसपास, कारण त्यात बाकी सगळं काढून फक्त म्यूऑन ठेवलेले. प्रत्येक म्यूऑनचे पाच आकडे: पीटी म्हणजे बीमच्या आडव्या दिशेतला संवेग, ईटा म्हणजे बीमच्या रेषेपासून किती कोनात गेला, फाय म्हणजे त्या रेषेभोवती कुठल्या दिशेला गेला, शिवाय मास आणि चार्ज. बस, एवढंच. हे एवढंच असणं मला तेव्हा सोय वाटली. नंतर ते महागात पडलं.

म्यूऑनच का, तर म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, हा फार सोयीचा प्राणी आहे. टकरीतून बाकी जे काय बाहेर पडतं ते बहुतेक सगळं कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या थरात, अडकून संपतं, म्यूऑन मात्र ते सगळं पार करून बाहेरच्या लोखंडातूनही निघून जातो आणि शेवटच्या चेंबरमध्ये आपली खूण ठेवून जातो. आता समजा एखादा जड कण तयार झाला, त्याचं आयुष्य इतकं कमी की तो स्वतः कधीच दिसणार नाही, पण तो फुटून एक म्यूऑन आणि एक उलट चार्जचा म्यूऑन झाला तर त्या दोघांच्या संवेगावरून आणि मधल्या कोनावरून मूळ कणाचं वस्तुमान काढता येतं. दोन्ही पीटींचा गुणाकार करायचा, दुप्पट करायचा, मग ईटाच्या फरकाचा कॉश वजा फायच्या फरकाचा कोसाइन, त्याने गुणायचं, वर्गमूळ घ्यायचं. कोडची एक ओळ. सगळ्या जोड्यांची अशी वस्तुमानं काढून हिस्टोग्राम मांडायचा, म्हणजे वस्तुमानाच्या प्रत्येक कप्प्यात (बिनमध्ये) किती जोड्या पडतात ते मोजायचं, आणि कुठे उंचवटा दिसतो का बघायचं, झालं. जड कणांचा शोध म्हणजे तत्त्वतः एवढंच. तत्त्वतः.

(पहिल्या दिवशी मी एकेक इव्हेंट घेऊन पायथनमध्ये साधा लूप लावला आणि लॅपटॉप रात्रभर घरघरत राहिला. सकाळी बघते तर निम्मंही झालेलं नव्हतं. अपरूट नावाची लायब्ररी वापरून सगळे कॉलम अ‍ॅरे म्हणून उचलले तेव्हा तेच काम काही मिनिटांत झालं. प्रोग्रॅमर म्हणवून घेते स्वतःला!)

पहिला प्लॉट आला तो क्षण मात्र खरंच भारी होता. दोन्ही अक्षांवर लॉग स्केल लावली आणि डावीकडून उजवीकडे एकेक शिखर, प्रत्येक एका ओळखीच्या कणाचं. ३.१ जीईव्हीला जे-साय, एकदम सुईसारखं. त्याच्या बाजूला ३.७ ला त्याचा धाकटा भाऊ. साडेनऊच्या जवळ अप्सिलॉन, आणि जरा बारीक बिन घेतले तर तिथे एक नाही तीन शिखरं खांद्याला खांदा लावून उभी. आणि शेवटी ९१ ला झेड, रुंद, भारदस्त, डोंगरासारखा. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन लॅबना एकाच वेळी जे-साय सापडला आणि दोन वर्षांत टिंग आणि रिक्टरना नोबेल मिळालं. अप्सिलॉन १९७७ चा, झेड १९८३ चा. अख्ख्या कारकिर्दी गेल्यात यातल्या एकेका टोकावर, आणि माझ्या स्क्रीनवर ते सगळं एका ओळीच्या कोडने एका रेषेत उभं होतं. मी स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवला, त्याचं उत्तर आलं, "छान. आता झेडच्या उजवीकडे बघ, तिथे सगळी गंमत आहे."

पण उजवीकडे जायच्या आधी मी एक शोध लावून बसले. अप्सिलॉन आणि झेड यांच्या मधे, २०-३० जीईव्हीच्या पट्ट्यात, एक ऐसपैस फुगवटा होता. कुठल्याच कणाच्या यादीत त्या जागी काही नाही. मी दोन संध्याकाळ त्याला वेगवेगळी फंक्शन फिट करत बसले. मग मित्राला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अगं, ट्रिगरला एक म्यूऑन १७ जीईव्हीच्या वरचा आणि दुसरा ८ च्या वरचा लागतो. १७ आणि ८ समोरासमोर उभे कर आणि मास काढ." काढला, २३ आला. म्हणजे त्याच्या खालच्या जोड्यांना दारातच अडवलेलं, वरच्यांना आत सोडलेलं, आणि अडवणं-सोडणं जिथे बदलतं तिथे फुगवटा. निसर्गाचा नाही, चाळणीचा. कानाला खडा लावला.

त्यानेच मग एक किस्सा सांगितला. १९७६ मध्ये फर्मिलॅबला लिऑन लेडरमन यांच्या टीमला ६ जीईव्हीजवळ उंचवटा दिसला, त्यांनी त्याला अप्सिलॉन नाव देऊन जाहीरही केलं, आणि अजून डेटा घेतल्यावर तो उंचवटा विरघळून गेला. लोकांनी त्याला लिऑनच्याच नावावरून 'ऊप्स-लिऑन' म्हणायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्याच लोकांना साडेनऊला खरा कण सापडला आणि नाव तेच वापरलं. मला हा किस्सा ऐकून जाम बरं वाटलं होतं. आपण चांगल्या पंगतीत आहोत म्हटलं.

आता उजवीकडे. झेडच्या पुढे आलेख घसरत जातो आणि घसरतच राहतो. २०० जीईव्हीला हजारोंनी इव्हेंट, ५०० ला मोजके, १००० च्या पुढे बिनमागे एखादा, मग सगळं रिकामं आणि मधूनच एखादा एकटा ठिपका. या भागाला टेल म्हणतात. नवीन जड कण असलाच तर तो इथे लपलेला असणार. लोक ज्याच्या मागे आहेत त्यातला एक म्हणजे झेड-प्राइम, झेडसारखाच पण कितीतरी जड, आणि तो खरंच असेल तर टेलमध्ये जिथे काहीच नसायला हवं तिथे चार-पाच इव्हेंट एकत्र दिसतील. चार-पाच! खालच्या भागात लाखांनी इव्हेंट बघितल्यावर हे पचायला वेळ लागतो. इथे एकेका इव्हेंटला किंमत आहे.

आणि त्या शनिवारी रात्री मला दीड टीईव्हीच्या बिनमध्ये तीन इव्हेंट दिसले. आजूबाजूला सगळं रिकामं, बॅकग्राउंडची, म्हणजे नेहमीच्याच प्रक्रियांतून येणाऱ्या जोड्यांची, रेघ पुढे ओढली तर तिथे अर्ध्यापेक्षा कमी इव्हेंट अपेक्षित, आणि तिथे हे तिघे. त्यातला एक तर इतका देखणा होता की पुस्तकात छापावा. दोन म्यूऑन, एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला, दोघांचे पीटी ७०० जीईव्हीच्या आसपास आणि जवळजवळ समान, चार्ज उलट. जड कण जागेवर तयार झाला, फुटला आणि दोन तुकडे समान जोराने विरुद्ध दिशांना गेले, अगदी असंच दिसायला हवं ना? छाती धडधडायला लागली हो. डोक्याला माहीत होतं की हा डेटा हजारो लोकांनी पिंजून काढलाय, त्यात काही असतं तर केव्हाच सापडलं असतं. पण रात्री पावणेबाराला डोक्याचं कोण ऐकतं.

मित्राला मेसेज टाकला, त्याने सकाळी सात वाजता बघितला आणि एकच प्रश्न विचारला. "फाय किती आहेत?"

बघितलं. एकाचा फाय १.५ च्या जवळ, दुसऱ्याचा उणे १.६ च्या जवळ. रेडियनमध्ये. म्हणजे एक सरळ वर गेलेला आणि एक सरळ खाली. "आणि ईटाची बेरीज कर." एकाचा अधिक ०.४, दुसऱ्याचा उणे ०.४. बेरीज शून्य. "आता सांग, वरून खाली सरळ रेषेत काय येतं?"

दोन मिनिटं मला काही कळलंच नाही, आणि मग कळलं तेव्हा मी मोठ्याने "अरे देवा" म्हटलं. ते दोन म्यूऑन नव्हतेच. तो एकच होता, आकाशातून आलेला. कॉस्मिक रेमुळे (अंतराळातून येणाऱ्या कणांमुळे) वातावरणात तयार झालेले म्यूऑन शंभर मीटर दगड पार करून खाली पोचतात, त्यातला एक नेमका डिटेक्टरच्या मध्यातून आरपार गेला आणि नेमका पुंजक्यांच्या वेळेला गेला. सॉफ्टवेअर बिचारं असं धरून चालतं की सगळं काही मध्यातून बाहेर निघतं. म्हणून त्याने वरच्या अर्ध्या रेषेला बाहेर जाणारा एक म्यूऑन मानलं आणि खालच्या अर्ध्या रेषेला दुसरा. उलट्या दिशेने वाचली की वळणाची दिशाही उलटी वाचली जाते, म्हणून चार्जही उलटे आले! पीटी समान का, तर एकाच म्यूऑनचे दोन अर्धे, असणारच. माझ्या कणाची जी जी गोष्ट मला देखणी वाटली होती ती प्रत्येक त्याच्या विरुद्धचा पुरावा होती. खऱ्या टकरीत दोन म्यूऑन इतके काटेकोर समोरासमोर जवळपास कधीच नसतात, कारण प्रोटॉनच्या आतले जे दोन तुकडे आपटतात त्यांची एनर्जी क्वचितच सारखी असते, म्हणून तयार झालेला कण एका बाजूला ढकलला जातो आणि जोडी थोडी वाकडी होते. सीएमएसच्या स्वतःच्या शोधात तर दोन म्यूऑनमधला कोन π (म्हणजे १८० अंश) वजा ०.०२ रेडियनपेक्षा कमी हवा असा सरळ नियमच असतो, तो याच पाहुण्यांसाठी.

उरलेले दोन. दुसऱ्या इव्हेंटमध्ये एका म्यूऑनचा पीटी ११० च्या आसपास आणि दुसऱ्याचा ५००० च्या वर. मी हे रात्री बघितलं होतं आणि "अरे वा, केवढा जोरदार" म्हणून पुढे गेले होते. आता जरा विचार करा, प्रोटॉनच ४ टीईव्हीचा, त्यातून ५ टीईव्हीचा म्यूऑन निघणार कसा? हे चौथीतल्या पोरालाही कळेल. झालं असं की संवेग मोजतात तो चुंबकीय क्षेत्रात रेघ किती वळली त्यावरून. जेवढा संवेग जास्त तेवढी रेघ सरळ. मी वहीवर हिशोब केला: क्षेत्र ३.८ टेस्ला, आतला ट्रॅकर (म्यूऑनची रेघ टिपणारा भाग) साधारण १.१ मीटर त्रिज्येचा, तर २० जीईव्हीच्या म्यूऑनची रेघ मधोमध साडेआठ मिलीमीटर वाकते. १००० जीईव्हीच्या म्यूऑनची? ०.१७ मिलीमीटर. जेमतेम मीटरभर अंतरात. म्हणजे टेलमध्ये आपण जे बघतो ते केसाच्या जाडीच्या हिशोबाने मोजलेलं असतं, एखादा ठिपका चुकीच्या रेषेला जोडला गेला की ५० जीईव्हीचा म्यूऑन ५००० चा होऊन बसतो. बाहेरच्या चेंबरची मदत असते म्हणून बरं, तरीही १ टीईव्हीच्या आसपास पाच-दहा टक्क्यांची चूक चालायचीच. मी मात्र सगळ्या टेलमध्ये एकाच रुंदीचे बिन ठेवले होते, जणू ९० ला आणि १५०० ला सारखंच स्वच्छ दिसतं.

तिसऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, त्या इव्हेंटमध्ये पाच म्यूऑन होते आणि मी सगळ्यात मोठे दोन उचलले होते. पाच म्यूऑन म्हणजे बहुधा दणकट जेट (एका दिशेने जाणारा कणांचा झोत), त्यातलं काहीबाही लोखंड ओलांडून चेंबरपर्यंत पोचलेलं.

रविवारी दुपारी जेवायला बसले तेव्हा तीनपैकी शून्य उरले होते.

मग मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं: सारख्या चार्जच्या जोड्यांचा प्लॉट काढला. झेड-प्राइम किंवा साधं बॅकग्राउंडसुद्धा, दोन्हीतून येणारी जोडी उलट चार्जची असते. सारख्या चार्जची जोडी म्हणजे बहुतेक वेळा कचरा. आणि कचरा सारख्या चार्जमध्ये जेवढा आहे साधारण त्याच मापाने उलट चार्जमध्येही असणार. प्लॉट बघून लाजच वाटली. माझ्या टेलमध्ये ५०० च्या पुढे सारख्या चार्जवाल्यांची बऱ्यापैकी गर्दी होती. म्हणजे मी दोन महिने जिच्याकडे डोळे लावून बसले होते ती टेल बऱ्याच प्रमाणात केरच होती, आणि ते मला पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत कळू शकलं असतं. चार्जचा कॉलम पहिल्या दिवसापासून समोर होता.

आता इथे त्या पाचच आकड्यांच्या फाइलची मर्यादा आली. कचरा ओळखायला म्यूऑन मध्यापासून किती अंतरावरून निघाला आणि त्याच्या आजूबाजूला किती गर्दी आहे ते लागतं, आणि ते त्यात नाही. सुदैवाने त्याच २०१२ च्या डेटाच्या अजून दोन फाइल आहेत, रन बी आणि रन सी (रन म्हणजे डेटा घेण्याचा कालखंड) अशा वेगळ्या, त्यात ते कॉलम आहेत. त्या घेतल्या आणि कट, म्हणजे निवडीचे नियम, लावले: म्यूऑन मध्यापासून २ मिलीमीटरच्या आत हवा, एकटा हवा, कोन अगदी समोरासमोर नको, आणि अगदीच अशक्य पीटी असेल तर बाहेर. शिवाय बिन वजनासोबत रुंद होत जाणारे. टेल अर्ध्याहून जास्त झडली आणि सारख्या चार्जची गर्दी जवळपास नाहीशी झाली. मला आधी हळहळ वाटली, एवढे छान छान मोठे इव्हेंट गेले म्हणून. मग बरं वाटलं.

या वेळी मित्राने अट घातली. "कट ठरव, बिन ठरव, फिटचं फंक्शन ठरव, सगळं फक्त रन बी वर. रन सी उघडायचीच नाही. सगळं ठरलं की मला लिहून पाठव, मगच उघड." मला हे जरा अतीच वाटलं, कोण बघतंय, माझाच लॅपटॉप. पण ऐकलं, आणि त्याचा अर्थ कळायला आठवडा लागला नाही. कारण रन बी मध्ये ३४० जीईव्हीजवळ मला पुन्हा उंचवटा दिसला, आणि या वेळी एखाददुसरा इव्हेंट नाही तर चांगला ठसठशीत. हिशोब केला तर २.८ सिग्मा (सिग्मा म्हणजे अपेक्षेपासून किती दूर आहे त्याचं माप; जितके जास्त तितकी योगायोगाची शक्यता कमी). आणि माझ्या लक्षात आलं की मी नकळत बिनच्या कडा इकडे-तिकडे सरकवतेय. पाच जीईव्ही डावीकडे सरकवलं की २.८ चा ३.१ होतो. उजवीकडे सरकवलं की २.२. कोणता बिन "बरोबर" आहे हे ठरवताना माझा हात आपोआप डावीकडे जात होता. मी काही लबाडी करत नव्हते हो, मला मनापासून वाटत होतं की तीच कड जास्त नैसर्गिक आहे!

मग टॉय केले. टॉय म्हणजे असं की उंचवटा नसलेली गुळगुळीत रेघ घ्यायची, तिच्यातून कॉम्प्युटरला खोटा डेटा तयार करायला लावायचा, आणि प्रत्येक खोट्या डेटात सगळ्यात मोठा उंचवटा केवढा निघतो ते बघायचं. १००० टॉय केले, त्यातल्या २०० हून जास्त टॉयमध्ये कुठे ना कुठे माझ्याएवढा किंवा त्याहून मोठा उंचवटा होता. काहीही नसताना. कारण मी एका जागी बघत नव्हते, शंभर जागी बघत होते, आणि शंभर जागी बघितलं की कुठेतरी काहीतरी दिसणारच. याला लुक-एल्सव्हेअर इफेक्ट म्हणतात. याच्यामुळेच या क्षेत्रात ५ सिग्माच्या खाली कोणी शोध म्हणत नाही, म्हणजे नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. मला आधी हा हट्टीपणा वाटायचा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ७५० जीईव्हीला दोन फोटॉनचा उंचवटा अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना दिसला होता, वेगवेगळे डिटेक्टर, तरी एकाच जागी, त्यावर थिअरीवाल्यांचे शेकड्यांनी पेपर आले, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये जास्त डेटा आल्यावर तो नाहीसा झाला. त्या लोकांनी काही चूक केली नव्हती. फासे तसे पडले होते.

कट लिहून पाठवले, बिन गोठवले, आणि रन सी उघडली. ३४० ला काय होतं? काही नाही. उलट किंचित खड्डाच. रन सी मध्ये रन बी पेक्षा डेटा जास्त आहे, म्हणजे खरं काही असतं तर तिथे जास्त ठळक दिसलं असतं. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण त्या शनिवारसारखं काही झालं नाही, दोन मिनिटं बघितलं आणि नोटबुकमधल्या पुढच्या सेलवर (कोडच्या तुकड्यावर) गेले.

पुढचा सेल म्हणजे लिमिट. काही सापडलं नाही हे नुसतं सांगून भागत नाही, किती वेळा घडत असतं तर सापडलं असतं ते आकड्यात सांगावं लागतं. सगळ्या कटनंतर २ टीईव्हीच्या पुढे माझ्याकडे शून्य इव्हेंट. शून्य दिसले असतील तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की सरासरी ३ पेक्षा जास्त अपेक्षित नव्हते, कारण सरासरी ३ असताना एकही न दिसण्याची शक्यता ५ टक्केच. आता दोन्ही रन मिळून डेटा साधारण साडेअकरा इन्व्हर्स फेम्टोबार्न, म्हणजे ज्या प्रक्रियेचं माप १ फेम्टोबार्न आहे ती या काळात साडेअकरा वेळा घडणार. त्यातली माझ्या कटमधून वाचणारी ७० टक्के धरली. ३ ला ११.५ ने भागलं, ०.७ ने भागलं, ०.४ च्या जवळ आलं. म्हणजे २ टीईव्हीच्या पुढचा, दोन म्यूऑनमध्ये फुटणारा असा कण असेल तर तो ०.४ फेम्टोबार्नपेक्षा कमी मापाने बनत असणार.

मित्राने ७० टक्क्यांवरून माझी चांगली हजेरी घेतली. "हे कुठून आणलंस?" अंदाजाने. "अंदाजाने आणलेल्या आकड्याने भागलेला आकडा म्हणजे काय?" बरोबर आहे त्याचं, सिम्युलेशन चालवून ते काढायचं असतं आणि मी त्यातलं काही केलं नाही, शिवाय त्यावरची अनिश्चितता वेगळीच. सीएमएसने ८ टीईव्हीच्या डेटावर म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही धरून झेडसारख्याच वागणुकीचा झेड-प्राइम २.९ टीईव्हीपर्यंत नाही असं सांगितलं होतं, आणि पुढे १३ टीईव्हीच्या टकरींनंतर ती भिंत ५ टीईव्हीच्या पलीकडे गेली. म्हणजे माझा ०.४ जगाला काडीचाही उपयोगाचा नाही. तरी तो मी वहीत लिहून खाली तारीख टाकली आणि पुढे कंसात "७० टक्के अंदाजे" असं त्याच्यासाठी लिहिलं.

एक इव्हेंट मात्र अजून उरलाय. सगळे कट पार करून टिकलेल्यांमधला सगळ्यात जड, १.४ टीईव्हीच्या जवळपास. चार्ज उलट, फाय आडवे, कोन थोडा वाकडा, दोन्ही म्यूऑन एकटे, मध्यापासूनचं अंतर नगण्य. सगळं जिथल्या तिथे. बॅकग्राउंडमधून अशा वजनाचे एक-दोन येणं अपेक्षितच आहे, तेव्हा तो बहुधा साधा क्वार्क आणि अँटिक्वार्क भेटून झालेला, यात नवल काही नाही. त्याचा रन नंबर, इव्हेंट नंबर मी नोटबुकच्या वरच्याच सेलमध्ये ठेवलाय आणि आता सिम्युलेशनच्या फाइल उतरवतेय, त्या ७० टक्क्यांसाठी. ३८ टक्के झाल्यात.